टोल्यावरच्या तीन बाळांची चौकशी

दरेकसाला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या सांगलीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "हे नक्की कुठं आलं?" मग मी सांगते, आपल्या स्टेशनातून जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस जिथं संपते त्या गोंदियाला उतरायचं आणि तिथून छत्तीसगडच्या बाजूला आणखी पुढं जायचं. ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडतो. "तिकडं बघायला काय आहे?" हा दुसरा प्रश्न. बघायला डोंगर आहेत, जंगल आहे, बोगद्यातून बाहेर पडणारी रेल्वे आहे. पण मी बघायला गेले नव्हते. मी विचारायला गेले होते, आणि जे विचारायचं होतं ते विचारायची मला मनापासून भीती वाटत होती.

नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही जुन्या विद्यार्थिनी फोन करतात, त्यातली एक उज्ज्वला. ती मूळची गोंदियाचीच, आता तिथंच आरोग्याच्या कामात आहे. तिनं सांगितलं, दरेकसाच्या पुढच्या एका टोल्यावर, म्हणजे आपल्याकडच्या वाडीवर, दोन वर्षांत तीन बाळं दगावली, तिन्ही महिन्याच्या आतली. कागदावर एकाच्या नावापुढं ताप, दुसऱ्यापुढं निमोनिया आणि तिसऱ्यापुढं नुसतं 'अचानक'. प्रत्येक आईजवळ बसून पहिल्यापासून काय झालं ते विचारायचं आणि कारण शोधायचं, असं काम होतं. "मॅडम, तुम्ही येता का? तुमच्याशी बायका बोलतात," ती म्हणाली. बायका बोलतात हे खरं, पण नंतर मला झोप लागत नाही हे तिला कुठं माहीत. मुळात मी घोर लावून घेणारी बाई. आमचे हे म्हणतात, सुखाची काळजी करायला तुला सरकारनं पेन्शन दिलंय. तरी गेले. त्या टोल्याचं नाव मात्र इथं लिहीत नाही.

गोंदिया, फुलचूर

उज्ज्वलाचं घर फुलचूरला आहे. एके काळी हे गाव वेगळं होतं म्हणे, आता शहरच तिथवर आलं आहे. स्टेशनावरून रिक्षात बसले तेव्हा माझं मराठी ऐकून रिक्षावाला हिंदीत बोलू लागला, मी हिंदीत बोलले तर तो मराठीत आला. शेवटी पोचेपर्यंत आम्ही दोघंही कुठल्या भाषेत बोलतोय ते आम्हालाच कळेना.

डिसेंबरचे दिवस. थंडीबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. विदर्भ म्हणजे ऊन एवढंच आमच्या डोक्यात असतं, त्यामुळं मी एक स्वेटर आणि चार सुती साड्या घेऊन आले होते. उज्ज्वलानं आपली शाल दिली आणि जेवायला भात, लाखोळीची डाळ, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी आणि भेदराची चटणी वाढली. भेदरं म्हणजे टोमॅटो. मी भाकरीची माणूस, भातानं माझं पोट भरत नाही, असं मी म्हणेपर्यंत माझा तिसरा भात झाला होता.

जेवणानंतर तिनं टोल्यावरच्या नोंदींच्या प्रती पुढ्यात ठेवल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तिन्ही बाळंतपणं घरीच झाली होती. त्यातली दोन बाळंतपणं दिवस भरायच्या आधी, उरलेलं रुग्णवाहिका येण्याआधी. म्हणजे बाळांची वजनं तिथल्या आशा कार्यकर्तीनं, सुनंदानं, घरी जाऊन घेतलेली. आणि तिन्ही वजनं चांगली होती. अडीच किलोच्या अलीकडं पलीकडं. दिवस न भरलेलं बाळ इतकं भरदार? एक असेल. पण दोन्ही?

"ही बाई घरी बसून आकडे भरते," मी म्हणाले.

"नाही मॅडम, सुनंदा तशी नाही," उज्ज्वला म्हणाली.

"तशी नसतात असंच सगळ्यांबद्दल वाटतं." मी बोलून गेले. तीस वर्षं मुलींच्या जर्नलमधल्या चोऱ्या पकडल्या की माणसाला अशी खोड लागते.

टोल्यावर, पहिला दिवस

सकाळी उज्ज्वलाच्या जीपनं निघालो. आमगावच्या पुढं सपाटी संपत जाते. धान कापून झालेलं, बांध्या म्हणजे भातखाचरं मोकळी, आणि जागोजाग धानाचे पुंजणे रचलेले. आमच्याकडं उसाच्या फडात माणूस उभा असला तरी दिसत नाही, इथं बांधीतला बगळासुद्धा लांबून दिसतो. दरेकसापाशी डोंगर अगदी अंगावर येतो. स्टेशन एवढंसं, पण मालगाड्या मात्र संपता संपत नाहीत. तिथून कच्च्या रस्त्यानं टोला. तीसेक घरं, मातीच्या सारवलेल्या भिंती, कौलं, दारात मोहाची नाही तर जांभळीची झाडं.

सुनंदा वाट बघत उभी होती. पस्तिशीची, काटक, खांद्याला पिशवी, बोलणं एकदम सरळ. उज्ज्वलाला दुसऱ्या गावी बैठक होती, ती दुपारी परत येईन म्हणून जीप घेऊन गेली आणि मी सुनंदाच्या मागं निघाले.

पहिल्या दोन घरांतलं सगळं इथं लिहीत नाही. त्या आया बोलल्या, मी लिहून घेतलं. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. पहिली म्हणाली, "लहानच होता बाई माया पोरगा. हातात घेतला का हातातच मावे." दुसरीच्या सासूनं मूठ वळून दाखवली, "डोस्कं एवढं." मी कागद पाहिला. दोन किलो पाचशे. मी सुनंदाकडं पाहिलं, ती शांतपणे उभी. माझा संशय आता पक्का झाला आणि रागही आला. खोट्या आकड्यामुळं कुणालाच कळलं नाही की बाळ जोखमीचं आहे, असं मनात म्हणत मी तिसऱ्या घराकडं चालू लागले.

वाटेत सुनंदा थांबली. "मॅडम, एक सांगाचं राहिलं. ज्या रेखाची पोरगी मागच्या साली गेली, ती परवाच बाळंत झाली. दिवस भराले टाइम होता, पन पहाटेच दुखू लागलं, घरीच झालं. पोरगीच झाली. आज तिसरा दिवस, वजन घ्याचं आहे."

 बाळंतिणीच्या खोलीत जाऊन गेलेल्या बाळाबद्दल कसं विचारायचं? मी म्हणाले, आज फक्त बाळ बघू, कागद पिशवीतच राहू दे.

रेखाच्या सासूबाई पार्बताबाई ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होत्या. साठीच्या पुढच्या, हातात चांदीचं कडं, नजर करडी. "बस व बाई. चाय पेशील का?" त्यांनी मला पहिल्या वाक्यातच 'अगंतुगं' केलं. आमच्याकडं असं कुणी म्हटलं असतं तर मला राग आला असता. इथं बरं वाटलं.

आतल्या खोलीत रेखा खाटेवर होती, बावीस-तेवीसची, ओठ पांढरे पडलेले. बाळ गोधडीत गुंडाळलेलं. खाटेजवळ शेगडी, दार बंद, धूर. मी दार किलकिलं केलं आणि बाळाच्या तळव्याला बोट लावलं. तळवा गार होता. "दूध पितं का?" विचारलं तर रेखा म्हणाली, "थोडंसं ओढते, मंग झोपते. तरास नाही देत."

त्रास न देणारं बाळ म्हटलं की मला धास्ती वाटते. भुकेलं बाळ रडतं. जे रडत नाही त्याच्यात रडायचं बळ नसतं.

सुनंदानं पिशवीतून लटकवायचा काटा काढला, आड्याच्या खालच्या लाकडाला अडकवला, खाली कापडाची झोळी लावली. तिनं बाळ गोधडीसकट झोळीत ठेवलं. पार्बताबाई ओसरीवरून एक पुरचुंडी घेऊन आल्या आणि बाळाच्या पायाशी ती नीट खोचली. सुनंदानं झोळीवरचा हात मागं घेतला. काटा हलला, थांबला. दोन किलो चारशे. तिनं वही उघडून लिहायला घेतलं.

"थांब," मी म्हणाले. "हे काय ठेवलं?"

"तांदूळ होत," पार्बताबाई म्हणाल्या. मी मूर्ख आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"तांदूळ काऊन?" नकळत मीही इथल्यासारखं 'का'ऐवजी काऊन म्हणाले.

"एकलं लेकरू तोलत नाही आमी. तोललेलं घरात राहात नाही बाई. धान तोललं का गाडीत जाते. कोंबडी तोलली का गेली. मंग लेकराले एकलं कसं तोलाचं? घरच्या तांदळासंग तोलतो. ते तांदूळ कुठं जात नाही, आजच घरी शिजते, बाळतीन खाते. मंग लेकरूबी घरातच राहाते."

मी सुनंदाकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. "मी नवी होतो तवा म्हटलं होतं, काढा म्हणून," ती म्हणाली. "त काटाच आत येऊ देईनात. मंग म्हटलं, तोलू त देऊन राहिले ना. तांदूळ किती असतील, थोडेसे. माया पोराले बी सासूनं असंच तोललं होतं."

ती खोटं लिहीत नव्हती. काट्यावर जे दिसलं तेच तिनं प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आदल्या दिवशी मी काय बोलले ते आठवून मला तिच्याकडं बघवेना.

पण लाजायला वेळ नव्हता. बाळ उचलून मी रेखाच्या छातीशी, अगदी उघड्या अंगाशी, उभं धरायला सांगितलं आणि वरून सगळ्यांची पांघरुणं घातली. मग पुरचुंडी पार्बताबाईंच्या हातात दिली. "आजी, आता नुसते तांदूळ तोला. तुमच्या हातानं."

ज्या बाईनं जन्मभर धान मोजलं तिला मापाचं मी काय शिकवणार? त्यांनी पुरचुंडी अडकवली. अर्ध्या किलोच्या वर. मग गोधडी, पावशेराच्या आसपास. त्या काट्याकडं बघत राहिल्या. ओठ हलत होते, वजाबाकी चालली होती. माझ्या आधी त्यांचीच झाली.

"दीड किलोच्या थोडी वर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एवढीशी?"

"हो. गार पडली आहे आणि दूध ओढवत नाही तिला. गोंदियाला न्यायला हवं. लहान बाळांचा वेगळा विभाग आहे तिथं. आजच."

"छटी झाल्याबिगर लेकरू उंबऱ्याबाहेर काढत नाही आमी."

आमच्याकडं पाचवी, इथं सहाव्या दिवशी छटी. आमच्या आजीनंही असंच म्हटलं असतं, त्यामुळं मला वाद घालता येईना. मी फक्त म्हणाले, "आजी, छटीला तीन दिवस आहेत. ही तीन दिवस थांबेल असं मला वाटत नाही." माझा आवाज कापत होता. डॉक्टर, नर्स यांनी आवाज स्थिर ठेवावा असं मी वर्गात शेकडो वेळा सांगितलं आहे.

पार्बताबाई उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, झालं, संपलं. त्या आल्या तेव्हा अंगावर धुतलेलं लुगडं होतं आणि तांदळाची पुरचुंडी कमरेला खोचलेली होती. "हे संग येते," त्यांनी बजावलं. मी म्हणाले, पोतं घ्या हवं तर.

परतीचा रस्ता

टोल्यावर फोन लागत नाही. रेल्वेच्या रुळाकडच्या उंचवट्यावर लागतो. सुनंदा पळत गेली. उज्ज्वला बैठक सोडून निघाली, पण यायला दीड तास लागणार होता. तो दीड तास माझ्या आयुष्यातला फार मोठा दीड तास होता. मी सारखी बाळाच्या पोटाकडं बघत होते, श्वास मोजत होते, मधेच आकडा चुकत होते, परत पहिल्यापासून मोजत होते. रेखा वाटीत दूध काढून चमच्यानं थेंब थेंब देत होती. कुणीतरी माझ्यापुढं चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

जीप आली. रेखाला उभं राहिल्यावर चक्कर आली, तिला मागच्या बाकावर आडवं केलं. मग बाळ कुणी धरायचं? मी हात पुढं केले. पार्बताबाईंनी मला बाजूला सारलं, चोळीची गाठ सोडली, बाळ आपल्या अंगाशी घेतलं आणि वरून लुगड्याचा पदर लपेटला. "मायं अंग गरम आहे. तुयं त थंड लागते," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

पहिले तीन-चार मैल ठीक गेले. मग रेल्वेचं फाटक लागलं आणि ते बंद होतं. एक मालगाडी गेली. कोळशाचे डबे, मी पंचावन्नपर्यंत मोजले. फाटक उघडेना. दुसऱ्या बाजूनं दुसरी येत होती. उज्ज्वला खाली उतरून फाटकवाल्याशी हिंदीत भांडून आली, तो बिचारा तरी काय करणार. पलीकडं एक ट्रॅक्टरवाला निवांत बिडी ओढत होता. मला त्या माणसाचा विनाकारण राग आला. मी पार्बताबाईंच्या पदरात बोट घालून बाळाच्या नाकाशी धरलं. काही कळेना. पुन्हा धरलं.

"आहे," पार्बताबाई म्हणाल्या. "माया छातीवर हलून राहिली. तू हात काढ, वारं लागते."

दुसरी गाडी संपली, फाटक वर गेलं. गोंदियात रुग्णालयाच्या दारात पोचलो. बाळ आत गेलं. सिस्टरनं वजन केलं, नुसत्या बाळाचं. पार्बताबाई काचेतून बघत होत्या. त्यांचा हात कमरेच्या पुरचुंडीवर घट्ट होता.

फुलचूर ते रुग्णालय, पुढचे दिवस

माझं परतीचं तिकीट तिसऱ्या दिवसाचं होतं, ते रद्द केलं. रोज सकाळी फुलचूरहून रिक्षानं रुग्णालयात जायची. पहिले दोन दिवस वजन आणखी घटलं. थोडं घटतंच, हे मी पुस्तकातून शिकवलं आहे, तरी प्रत्येक सकाळी जिना चढताना जीव टांगणीला लागायचा. आत शिरताच मी आधी रेखाचा चेहरा बघायची आणि मगच पाय पुढं टाकायची.

छटीच्या दिवशी पार्बताबाईंनी पूजा नाही केली. "घरी गेल्यावर करन," म्हणाल्या. त्या दिवशी वजन तेवढंच राहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी वीस ग्रॅम वाढलं. वीस ग्रॅमचा असा आनंद मला आधी कधी झाला नव्हता. मी पेढे आणले, सिस्टरांनी खाल्ले, पार्बताबाईंनी नाही खाल्ले. घरी गेल्यावर, म्हणाल्या. सुनंदा एकदा येऊन गेली. तिनं पिशवीतून वही काढली, जुन्या तिन्ही नोंदींवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मी तिची माफी मागितली. तिला ती कशाबद्दल ते कळलंच नाही.

रुग्णालयातल्या आठव्या दिवशी बाळ स्वतः दूध ओढायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण उरलं नाही. दुपारी रेखाला झोप लागावी म्हणून सिस्टरांनी बाळ पार्बताबाईंच्या छातीवर बांधून दिलं. डोक्यावर टोपी, पायात मोजे, वरून चादर. त्या भिंतीला टेकून खुर्चीत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशीचं माझं तिकीट होतं. त्यांचा निरोप घ्यायला म्हणून मी शेजारच्या स्टुलावर बसले. माझ्या पिशवीत तिसऱ्या बाळाचा कागद अजून कोराच होता. रेखाला मी काहीच विचारलं नव्हतं आणि न विचारताच परत जायचं मी ठरवलं होतं.

पार्बताबाईंनी बाळाची टोपी नीट केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बाई, आमची पहिली पोट्टीबी एवढीच होती का?"

"मी तेव्हा नव्हते, आजी. मला कसं सांगता येईल?"

"तुले सांगता येत नाही, का तू सांगून नाही राहिली?"

 खोटं बोलायला हरकत नव्हती, सोपंही होतं. पण ज्या बाईनं माझ्याआधी वजाबाकी केली होती तिच्याशी खोटं कसं बोलणार?

"एवढीच असणार," मी म्हणाले. "त्या वेळचं वजन मी पाहिलंय. त्यातून तांदूळ आणि गोधडी काढली तर एवढीच."

"आन तिलेबी असंच आनलं असतं त?"

"वाचली असती, आजी. बहुतेक वाचली असती."

 बाळाच्या पाठीवरची चादर त्यांनी वर ओढली आणि तळवा तसाच तिथं ठेवला. "हळू बोल," त्या म्हणाल्या. "तिले नको समजू देऊ. तांदूळ म्या ठेवले होते."

मी मागं वळून पाहिलं. रेखा पलंगावर आमच्याकडं तोंड करून कुशीवर झोपली होती आणि तिचे डोळे उघडे होते.